विहिणीसमोर विचारलेला प्रश्न

१४ डिसेंबर, शनिवार. सकाळचे नऊ वाजले होते. मी स्पाच्या मागच्या पडवीत धुवायचे कपडे वेगळे करत होते. तेलाचे टॉवेल एका पिशवीत, मातीच्या लेपाच्या चादरी दुसऱ्या पिशवीत. हे काम मी कुणाला देत नाही. तेलाचा टॉवेल नीट न धुता ड्रायरमध्ये गेला तर आतल्या आत तापून पेट घेऊ शकतो. आमच्याकडे एकदा धूर झालेला आहे.

तेवढ्यात हाऊसकीपिंगचा सुपरवायझर बबन आला. त्याने एक पांढरी बेडशीट माझ्यापुढे टाकली.

"घ्या मॅडम, तुमचा प्रसाद. कॉटेज नंबर चार."

"माझा कसला?"

"तेलाचा डाग. तुमचे गेस्ट अंग न पुसता येऊन झोपतात, आणि बोलणी आम्ही खातो. ही तुम्हीच धुवा."

हे भांडण जुनं आहे. किहीमच्या या रिसॉर्टमध्ये मी बारा वर्षं स्पा सांभाळते आणि बारा वर्षं हाऊसकीपिंगवाले प्रत्येक डाग आमच्या नावावर टाकतात. मी बोलायला तोंड उघडलं आणि बेडशीट उलगडली.

डाग पायथ्याशी होता. तळहाताएवढा, पिवळसर, कडेला फिकट गुलाबी. मी बोटांनी चोळून पाहिला. खळ घातल्यासारखा कडक लागला. तेलाचा डाग कितीही वाळला तरी कडक होत नाही. वास घेतला. तेलाचा नव्हता.

"चार नंबरला कोण होतं?"

"ते ठाण्याचे नव्हते का, दोन आज्या घेऊन आलेले? आज्या चार नंबरला. सकाळी साडेसहालाच गेले सगळे, दिवेआगरला."

"ही कुठल्या आजीची?"

"आता ते मी काय सांगू? खिडकीकडच्या बेडची."

बबन गेला. मी ती बेडशीट कुठल्याच पिशवीत टाकली नाही. घडी करून माझ्या कपाटात ठेवली. ती कोणाची असणार हे मला कळलं होतं. दोन आज्यांपैकी एकीचेच पाय गार पडले होते.

आदल्या दिवशी काय झालं होतं ते आता सांगते.

शुक्रवारी दुपारी त्या दोघी आमच्याकडे आल्या. नलिनीबाई, साठीच्या पुढच्या, निवृत्त शिक्षिका. त्यांच्याबरोबर सुमनबाई, त्यांच्या सुनेची आई. म्हणजे या दोघी विहिणी. मुलगा केदार आणि सून यांनी दोन्ही आयांना भेट म्हणून बॉडी रॅप घेतला होता. दोघींना एकाच खोलीत, शेजारच्या टेबलांवर. ही खोली खरं तर नवराबायकोसाठी आहे. पण दोन आयांना वेगळं कशाला करायचं, असं सुनेला वाटलं. मलाही वाटलं.

बॉडी रॅप म्हणजे काय, ते सोप्या भाषेत सांगते. आधी अर्धा तास हलकं मालिश. मग मुलतानी माती आणि इतर पावडरी कोमट पाण्यात कालवून अंगभर लेप. त्यावर प्लॅस्टिकची शीट, वर सुती चादर, वर ब्लँकेट. माणूस चाळीस मिनिटं तसाच गुंडाळून पडून राहतो. उबेने घाम येतो, अंग सैल पडतं. यात जादू काही नाही, पण बरं वाटतं. धोका एकच. गुंडाळलेल्या माणसाला हातपाय हलवता येत नाहीत आणि मातीखाली कातडी दिसत नाही. म्हणून आधी विचारायचं असतं. बीपी आहे का, हार्टचं काही, शुगर, कसली अ‍ॅलर्जी. त्यासाठी फॉर्म असतो.

आमच्या रिसेप्शनच्या बाजूला एक छोटी खोली आहे. टेबल, माझी खुर्ची, समोर दोन खुर्च्या. दोघी शेजारी शेजारी बसल्या. मी फॉर्म भरायला घेतला.

सुमनबाईंना आधी विचारलं. त्या म्हणाल्या, "मला काही नाही हो. एक गोळी नाही. आमच्या घराण्यातच नाही."

मग नलिनीबाईंकडे वळले. "तुम्हाला? शुगर, बीपी?"

"छे," त्या म्हणाल्या. "मी रोज तीन किलोमीटर चालते."

"म्हणजे आमच्यापेक्षा फिट," सुमनबाई म्हणाल्या.

"तर! तुमच्या लिफ्टच्या बिल्डिंगीत कुठे आलं चालणं."

दोघी हसल्या. मीही हसले. दोन्ही फॉर्मवर 'नाही' लिहिलं, सह्या घेतल्या. माझं काम तीन मिनिटांत झालं.

रॅप वैशाली करत होती. वैशाली तळा तालुक्यातली, पस्तिशीची, आमच्याकडे आठ महिन्यांपूर्वी लागलेली. तिची आजी गावात बाळंतिणींचं अंग रगडायची, त्यामुळे हात चांगला. लेप लावून झाल्यावर नलिनीबाई म्हणाल्या, "पाय गार पडलेत गं." वैशालीने गरम पाण्याची पिशवी भरली. पिशवी द्यायच्या आधी सुपरवायझरने तपासायची असा नियम मीच केलेला आहे. तिने ती माझ्याकडे आणली.

मी तळहात टेकवला. "कोमट आहे. जरा अजून गरम पाणी घाल."

"ताई, मला तर चटका बसतोय."

"तुझा हात नवीन आहे."

तिने पाणी घातलं. मी पुन्हा हात लावला आणि म्हटलं, दे. पातळ नॅपकिनमध्ये गुंडाळून पिशवी पावलांशी ठेवली. दहा मिनिटांनी मी आत डोकावून विचारलं, "जास्त गरम लागत नाही ना?"

डोळे मिटूनच नलिनीबाई म्हणाल्या, "मुळीच नाही. छान वाटतंय."

स्पात उजेड मंद असतो. लेप गेस्ट स्वतः शॉवरखाली धुतात, त्यामुळे पाय आम्ही कोणी पाहिले नाहीत. नंतर दोघींनी गवती चहा घेतला आणि वैशालीला टिप देऊन गेल्या.

हे सगळं शनिवारी सकाळी पडवीत उभं राहून मी पुन्हा आठवलं आणि मॅनेजरकडे गेले.

आमचे मॅनेजर देसाई वाईट माणूस नाहीत. घाबरट आहेत. मी बेडशीटबद्दल सांगितलं. त्यांनी आधी दार लावलं.

"फॉर्मवर काय आहे?"

"शुगर नाही, असं आहे. सही आहे."

"मग झालं. कंप्लेंट आली आहे का?"

"नाही. पण सर, ही भाजल्याची लस आहे. फोड फुटून येते ती. चादर भिजेपर्यंत लस आली आणि बाईंना कळलं नाही. त्यांच्या पायाला संवेदनाच नसणार, जुन्या शुगरमध्ये होतं तसं. मुलाला फोन करते, पाय बघा एवढंच सांगते."

"सुरेखा मॅडम, फोन करून तुम्ही सांगणार की आमच्याकडे तुमची आई भाजली. कंप्लेंट नसताना आपण स्वतः क्रिएट करायची? आणि समजा काही नसलंच? एखाद्याची जुनी जखम असते. आज फुल हाऊस आहे. संध्याकाळपर्यंत बघू."

मी म्हटलं, "बरं."

या गोष्टीतला माझा सगळ्यात वाईट शब्द हा. देसाईंनी माझा फोन काढून घेतला नव्हता. फॉर्मवर केदारचा नंबर होता आणि फॉर्म माझ्याच फाईलमध्ये होता. पण माझ्याही मनात कुठेतरी होतंच, की काही नसेल. शुगर नाही म्हणाल्यात ना. जुनी जखम असेल. त्या दिवशी सहा बुकिंग होती. मी कामाला लागले.

चार वाजता वाशीहून आलेल्या एका बाईंचा रॅप होता. त्यांनीही पायाशी शेक मागितला. वैशाली पिशवी घेऊन आली. मी तळहात टेकवला.

"ठीक आहे, दे."

ती हलली नाही.

"काय गं?"

"ताई, ही लय गरम हाय." एरवी ती माझ्यासमोर जपून बोलायची. त्या दिवशी नाही. "कालचीबी होती. मी बोलले व्हते."

मग तिने खिशातून थर्मामीटर काढला. वॅक्स मशीनबरोबर आलेला, काचेचा, ड्रॉवरमध्ये पडून असलेला. पिशवीचं बूच उघडून तिने तो आत सोडला. आम्ही दोघी बघत उभ्या राहिलो. पारा छप्पन्नवर थांबला.

पिशवीतलं पाणी पंचेचाळीसच्या वर नको, हे मीच मुलींना शिकवते. पण थर्मामीटर वापरत नाही. मी त्यांना सांगत आले की हात हाच आपला थर्मामीटर. वीस वर्षं मी गरम दगड उचलले, उकळत्या पाण्यातून टॉवेल पिळले, वॅक्समध्ये बोटं घातली. माझ्या तळहाताची कातडी कधी निबर झाली ते मला कळलंच नाही. छप्पन्न डिग्री मला कोमट लागत होती. आणि आदल्या दिवशी जिच्या पायाशी तशीच पिशवी ठेवली, तिच्या पायाला ती लागतच नव्हती. शुक्रवारी त्या खोलीत गरम काय ते एकट्या वैशालीला कळत होतं, आणि तिला मी गप्प केलं होतं.

मी पडवीत जाऊन फोन लावला. देसाईंना विचारलं नाही.

केदारने उचलला. मागे वारा आणि मुलांचा आरडाओरडा.

"बोला मॅडम! काही राहिलं का आमचं?"

"आई कुठे आहेत?"

"समुद्रावर. जेवण झाल्यापासून इथेच आहोत. आई नातवाबरोबर किल्ला बांधतेय. का?"

"त्यांना शुगर आहे का?"

"आहे. दहा-बारा वर्षं. का?"

"फॉर्मवर त्यांनी नाही सांगितलंय."

"कधी विचारलंत? सासूबाई शेजारी होत्या का?"

"होत्या."

"मग नाहीच सांगणार ती," केदार म्हणाला. "लग्न ठरल्यापासून सासूबाईंपासून लपवलंय तिने. घरी गोळ्यासुद्धा व्हिटॅमिनच्या बाटलीत असतात."

मुलाला एका क्षणात कळलं. मला तीन मिनिटं समोर बसवूनही कळलं नव्हतं. मुलीच्या आईसमोर मुलाची आई स्वतःला रोगी कशी म्हणवून घेईल? मी याच जिल्ह्यात जन्मले, इथेच दोन मुलींची लग्नं केली. माझ्या विहिणीला माझ्या गुडघ्यांबद्दल अजून माहीत नाही.

"केदार, त्यांचे पाय बघा. आत्ता. फोन चालू ठेवा."

तो चालत गेल्याचं ऐकू आलं. मग नलिनीबाईंचा आवाज, हसरा. "अरे काय झालंय? काही होत नाहीये मला. सोड की पाय." मग सुमनबाई काहीतरी म्हणाल्या. मग नुसता वारा.

"मॅडम." केदारचा आवाज बदलला होता. "उजव्या टाचेची कातडी निघालीय. लोंबतेय. आत वाळू भरलीय. अंगठ्याजवळ काळं झालंय."

"दुखतंय का विचारा."

त्याने विचारलं. "अजिबात नाही म्हणते."

न दुखणं हीच यातली वाईट गोष्ट असते. मी सांगितलं, उचलून गाडीत बसवा, एक पाऊल चालू देऊ नका. प्यायच्या पाण्याच्या बाटल्या ओतून वाळू धुवा. स्वच्छ रुमाल सैल गुंडाळा. मागून सुमनबाई म्हणत होत्या, "हळद आणा कोणीतरी, त्या होमस्टेवाल्यांकडे असेल."

"हळद नको, टूथपेस्ट नको, काही लावू नका. डॉक्टरकडे न्या आणि शुगर आहे हे पहिल्या वाक्यात सांगा. गरम पाण्याच्या पिशवीने भाजलंय, काल दुपारी चार वाजता, चाळीस मिनिटं. हेही सांगा."

"पिशवीने? तुमच्याकडे?"

"हो. आमच्याकडे. पिशवी मी तपासली होती."

त्याने फोन ठेवला.

नऊ ते चार. सात तास. त्यांतले निदान तीन तास तो पाय वाळूत आणि खाऱ्या पाण्यात होता.

पुढचं थोडक्यात सांगते. श्रीवर्धनच्या डॉक्टरांनी पट्टी करून त्याच संध्याकाळी पुढे पाठवलं. माणगावहून ठाणे. पहिल्या आठवड्यात अंगठा आणि शेजारचं बोट गेलं. टाचेची जखम हाडापर्यंत उतरली होती. नाताळच्या गर्दीत आमच्याकडे रोज बारा-बारा बुकिंग होती आणि मी दर दोन दिवसांनी केदारला फोन करत होते. तो कधी उचलायचा, कधी नाही. एकदा सुनेने उचलला आणि एवढंच म्हणाली, "आता नका करू फोन." मी चार दिवस केला नाही. मग परत केला. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात गुडघ्याखालून पाय काढला.

मधल्या काळात हेड ऑफिसमधून एक साहेब आले. देसाईंनी फॉर्म पुढे ठेवला. साहेबांनी सही पाहिली, मान हलवली. "आपल्या बाजूने क्लीन आहे. ट्रीटमेंट कोणी दिली होती?"

"वैशाली. आठ महिन्यांपूर्वी लागलेली," देसाई म्हणाले.

"मग तिला सोडून द्या. रिपोर्टमध्ये ट्रेनिंगची कमतरता लिहा."

"ट्रेनिंग मी दिलंय," मी म्हटलं. "पिशवी गरम आहे असं ती म्हणाली होती. अजून गरम पाणी घाल, असं मी म्हटलं. शुगरचा प्रश्न मी विचारला, तोही विहिणीसमोर. मला सकाळी कळलं आणि मी चार वाजता फोन केला."

"मॅडम, हे तुम्ही लिहून देणार आहात?"

"लिहून आणलंय."

दोन पानं होती. साहेबांनी वाचली. त्यांना ती नको होती, पण घेतल्याशिवाय इलाज नव्हता, कारण दुसरी प्रत मी केदारला पाठवली होती. वैशाली राहिली. मला लेखी ताकीद मिळाली आणि सुपरवायझरचा भत्ता गेला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. गरम पाण्याच्या पिशव्या बंद झाल्या.

फेब्रुवारीत मी मांडव्याहून लाँच पकडून मुंबईमार्गे ठाण्याला गेले. केदारने 'या' म्हटलं नव्हतं, येऊ नका असंही म्हटलं नव्हतं. दार सुमनबाईंनी उघडलं. पदर खोचलेला, हातात वाटी.

"तुम्ही होय," त्या म्हणाल्या. "या. चप्पल तिकडे काढा. आणि मोठ्याने रडायचं वगैरे नाही, तिची दुपारची झोप व्हायचीय."

मी रडायला गेले नव्हते. नलिनीबाई पलंगावर बसल्या होत्या. एक पाय चादरीखाली लांब, दुसरीकडे चादर मध्येच सपाट. चेहरा निम्मा झालेला.

मी म्हटलं, "पिशवी मी तपासली होती. चूक माझी."

"केदारने वाचून दाखवलं तुमचं पत्र." त्या थोडा वेळ माझ्या हातांकडे बघत होत्या. "दाखवा."

मी तळवे पुढे केले. त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिले, शाळेत मुलांची नखं तपासतात तसे.

"निबर आहेत," त्या म्हणाल्या. "तुम्ही विचारलं होतं. मीच नाही म्हटलं. पण बाई, तुम्ही तरी विचारायची जागा बघायची होती."

"हो."

"हिच्यासमोर कशी सांगणार होते मी?"

"का, मी काय खाल्लं असतं तुम्हाला?" सुमनबाई दारातून म्हणाल्या. "आणि माझंही थायरॉइड आहे, सहा वर्षं. एक गोळी नाही म्हटलं ना मी? रोज घेते."

नलिनीबाईंनी सुमनबाईंकडे पाहिलं. कोणी हसलं नाही.

"दीड महिना झाला, बाथरूमला हीच नेते मला," नलिनीबाई म्हणाल्या. "आता काय लपवायचं राहिलंय."

सुमनबाईंनी वाटीतली पेज त्यांच्या हातात दिली. मी उठले. मला चहा कोणी विचारला नाही, आणि ते बरोबर होतं. निघताना नलिनीबाईंनी एकच विचारलं.

"त्या दिवशी सकाळी फोन केला असता तर पाय राहिला असता का?"

मी डॉक्टर नाही, असं म्हणता आलं असतं. तेच खरंही होतं.

"कदाचित," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि पेज ढवळायला लागल्या.

स्पाच्या धंद्यात येऊ पाहणाऱ्या मुली मला विचारतात, काय शिकायचं. मालिश सहा महिन्यांत येतं. लेप आठवड्यात येतो. फॉर्मवरची सही रिसॉर्टला वाचवते, गेस्टला नाही, हे मला शिकायला वीस वर्षं लागली, आणि त्यात दुसऱ्याचा पाय गेला.

ठाण्याहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी साडेसातला कामावर आले. कपडे वेगळे केले. वैशालीला बोलावून गरम दगड आणि वॅक्सच्या कपाटाची चावी दिली आणि सांगितलं की यापुढे गरम काय आणि किती ते तू ठरवायचं, थर्मामीटर लावून. मग फॉर्म भरायच्या खोलीत गेले. माझ्या टेबलासमोरच्या दोन खुर्च्यांपैकी एक उचलली आणि बाहेर पडवीत नेऊन ठेवली.